इनामाची शिळा

हर्षा दुकानात शिरली तीच मोबाइल पुढे धरून. चपला काढायचंही तिला भान नव्हतं.

"दीदी, बघा ना, आमच्या विहिरीत काय निघालं ते!"

प्रणोती एका टाइलवर लेसर चालवत होती. चकचकीत टाइलवर पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, तो वाळला की वरून लेसर फिरवायचा आणि मग रंग धुऊन टाकायचा. खाली उरतं ते काळं, पक्कं चित्र. हर्षा रंग देई, प्रणोती मशीन सांभाळी. अधारतालच्या मेन रोडवरच्या त्या दुकानात घरांच्या पाट्या होत, लग्नात भेट द्यायचे चहाचे मग होत, गेलेल्या माणसांचे चेहरे ग्रॅनाइटवर उतरत. आत्ता टाइलवर एका नवरदेवाचा फेटा उमटत होता.

"दाखव," म्हणत तिने मान वळवली आणि फोटो पाहून तिथेच थबकली.

काळा, ओबडधोबड दगड. कडांना चिखल लागलेला. मध्ये झिजल्यासारखी अक्षरं. हर्षाने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि अडखळत वाचायला लागली, "श्री खंडेराव चरणी तत्पर... बापूजी पागे यांस विहीर व सभोवारची जमीन... वंशपरंपरा इनाम दिल्ही असे. दिल्ही म्हणजे दिल्ली का हो, दीदी?"

"दिली," प्रणोती म्हणाली.

'दिल्ही'तली शेवटची वेलांटी जरा जास्तच खाली उतरली होती. ती का उतरली हे प्रणोतीला ठाऊक होतं. स्क्रीनवर अक्षरं काढताना तिचाच हात घसरला होता, आणि जुन्या लिखाणात असं शोभतं म्हणून तिने ते तसंच राहू दिलं होतं.

तिने मशीन बंद केलं. नवरदेव फेट्याखाली बिनचेहऱ्याचाच राहिला.

"पागेसाहेबांचे वेदांगभैया म्हणून राहिले होते, इथे मोठं मंदिर होईल," हर्षा सांगत होती. "बायकांनी तर हळदकुंकू पण वाहिलं. पण दीदी, मला काही ठीक नाही वाटून राहिलं. काल ते टेप घेऊन आले आणि आमची घरं मोजून गेले. उद्या तहसीलचे साहेब येणार म्हणे पाहणीला. विहिरीची पाहणी करायची तर आमची घरं काहून मोजायची?"

प्रणोतीने तयार झालेले मग हर्षाच्या हाती दिले आणि घमापुरच्या गिऱ्हाइकाकडे पोचवून ये म्हणून तिला बाहेर काढलं. ती दिसेनाशी झाल्यावर तिने गुणवंतकाकांना फोन लावला.

गुणवंतराव पागे तिच्या वडिलांचे जिवलग मित्र. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, गावातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. प्रणोतीचे बाबा दवाखान्यात होते तेव्हा बाकावर बसून रात्री काढणारा माणूस हाच. तिने हे मशीन घेतलं तेव्हा नात्यातले लोक नाकं मुरडत होते. मंडळाच्या सभागृहातल्या सगळ्या पाट्यांचं काम काकांनी तिला दिलं, आणि दुकान उभं राहिलं.

हर्षा बहिणीच्या लग्नाला गेली होती त्या दिवसांत काका तो दगड गाडीत घालून घेऊन आले होते. मंडळाचं प्रदर्शन आहे, मराठ्यांच्या काळातला शिलालेख कसा असे हे मुलांना दाखवायचं आहे, असं म्हणाले होते. मजकूर त्यांनीच दिला. कॉम्प्युटरवरची अक्षरं नवी दिसतील म्हणून प्रणोतीने जुन्या लेखांचे फोटो समोर ठेवून एकेक अक्षर हाताने काढलं. लेसर दगडात खोल शिरत नाही, नुसता वरचा पापुद्रा उडवतो. म्हणून तिने पुन्हा पुन्हा फेरे मारले, दर फेऱ्यानंतर तारेच्या ब्रशने भुकटी काढली. अक्षरं उथळच राहिली, पण त्यामुळेच ती शेकडो पावसाळे खाल्लेली वाटायला लागली. त्या दिवशी तिला स्वतःच्या हातांचं फार कौतुक वाटलं होतं. घरी जाऊन तिने नवऱ्याला, सुशांतला, फोटोही दाखवला होता.

काका आले ते नेहमीसारखे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. खुर्चीवर बसले. पाणी मागितलं. प्यायले नाहीत.

"काका, तो दगड विहिरीत कसा गेला?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मी टाकवला."

"आणि प्रदर्शन?"

"नव्हतं. प्रणोती, बेटा, ऐकून घे. ती जागा आमच्या घराण्याचीच आहे. माझ्या आजोबांनी सनद स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली. घराला आग लागली त्यात ती गेली. गोष्ट शंभर टक्के खरी आहे, फक्त दाखवायला हातात काही राहिलं नव्हतं. मी आयुष्यभर ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. जो तो म्हणतो, कागद दाखवा."

"म्हणून मग दगड."

"म्हणून दगड."

"तिथे माणसं राहतात, काका. आमची हर्षा राहते. जन्मली तिथे ती."

"मी काय राक्षस आहे का? त्यांची काही सोय करू आपण."

"कुठे?"

काकांनी भिंतीवरच्या पाट्यांकडे पाहिलं. मग उठून कॉम्प्युटरजवळ आले. "ती फाइल असेल ना तुझ्याकडे? पुसून टाक. माझ्यासमोर."

नाही म्हणायचं होतं. पण ज्या माणसाने बाबांना खांदा दिला त्याच्या तोंडावर नाही हा शब्द तिच्या ओठांवर येईना. तिने फाइल शोधली, पुसली, कचरापेटीतूनही काढून टाकली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात रोजच्यासारखाच ऊबदार होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

दुपारी ती हर्षाबरोबर तिच्या वस्तीत, महाराजपुरला गेली. एकदा बघून येऊ, असं स्वतःला सांगून.

कॉलन्या मागे पडल्या की एका उतारावर ती जुनी विहीर होती आणि तिच्याभोवती विटांची, पत्र्यांची घरं. शिळा विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवलेली. झेंडूची माळ, उदबत्त्या, कुंकवाचे थर. एक म्हातारी तिच्यासमोर कपाळ टेकून बसली होती. प्रणोतीला तिथेच बसावंसं वाटलं. या दगडावर आपण ब्रश फिरवला होता, त्याची भुकटी झाडून केरात टाकली होती, आणि आता एक बाई त्याला नातवाचं आजारपण सांगत होती.

"ताई, तुम्ही इकडे?" मागून आवाज आला. वेदांग, काकांचा पुतण्या. हसतमुख, हातात गाडीची किल्ली फिरवत. हर्षा पाणी आणायला घरात गेल्यावर तो जवळ सरकला. "बघून झालं ना? चलो, मी सोडतो. आणि ताई, उद्या इकडे येऊ नका. खूप गर्दी राहील. लोकांची भावना आहे, ताई, कधी काय होईल सांगता येत नाही. तुमचं दुकान एकदम रोडवरच आहे ना? काचेचं?"

"हो, काचेचं आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या तिने सुशांतला सगळं सांगितलं. तो रेल्वेत होता, सरळ मार्गाने चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा घास हातातच राहिला.

"तू काहून पडते मधात?" तो म्हणाला. "सांगशील आणि पहिले तूच अडकशील. दगड कोणी कोरला? तू. त्यांनी तर नुसता मजकूर दिला. उद्या ते म्हणतील आम्हाला माहीतच नाही, तर काय करशील?"

"हर्षाचं घर जाईल."

"त्यांच्याकडे जागेचे सरकारी पट्टे असतील. कोर्ट आहे, कचेरी आहे. एका दगडाने काय होते?"

"दगडाने काही होत नसतं तर काकांनी तो केला असता का?"

सुशांतने ताट बाजूला सारलं. ती काही चुकीचं बोलते आहे असं त्याला वाटत नव्हतं, म्हणूनच तो जास्त घाबरला होता. शेवटी एवढंच म्हणाला, "फाइल तर तू पुसली ना? मग तुझ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

ताटं उचलता उचलता तिला एकदम आठवलं. फाइल कॉम्प्युटरमधून गेली होती. पण काम मशीनकडे पाठवलं की ते मशीनच्या स्वतःच्या मेमरीतही बसतं, आणि ती मेमरी तिने महिनोन्महिने साफ केली नव्हती.

सकाळी तिने दुकानाचं शटर अर्धंच उचललं. मशीन चालू केलं, पॅनेलवरची बटणं दाबत मागे मागे गेली. जुन्या पाट्या, मग, फोटोफ्रेमा सरकत गेल्या आणि शेवटी तो इनामाचा मजकूर आला. तिने मागच्या खोलीतून ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा आणला, पुसला, मशीनमध्ये आडवा ठेवला आणि बटण दाबलं.

लेसरचं डोकं डावीकडून उजवीकडे धावू लागलं. पॉलिश केलेल्या काळ्या दगडावर पांढरे ठिपके उठायला लागले. धूर ओढणारा पंखा घरघरत होता. इतक्यात दिवे मंदावले. मध्येच लाइट गेली तर मशीन आपली जागा विसरतं, आणि पुन्हा सुरू केलं तर अक्षरांवर अक्षरं चढतात. दुसरा एवढा तुकडा दुकानात नव्हता. दिवे लुकलुकले, पुन्हा उजळले. डोकं धावत राहिलं.

मोबाइल वाजला. वेदांग. तिने उचलला नाही. परत वाजला. तिने तो उलटा करून ठेवला.

शटरखालून वाकून हर्षा आत आली. "दीदी, मी आज सुट्टी मागायला आले. साहेब अकराला येऊन राहिले, म्हणून..." तिचं वाक्य अर्धवट राहिलं. ती मशीनच्या काचेवर वाकली होती.

वरची ओळ पुरी झाली होती. दुसरी उमटत होती. हर्षा ओठ हलवत वाचत होती. "बापूजी... पागे... यांस..." प्रणोती तिच्याकडे न बघता उभी राहिली. पंख्याच्या आवाजात एकेक अक्षर बाहेर पडत होतं, आणि हर्षाच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उलगडत होती.

"हे तुम्ही केलं?"

"हो. मला सांगितलं होतं, प्रदर्शनासाठी आहे. देवाशपथ, मला माहीत नव्हतं."

"पण काल? काल तर माहीत होतं ना, दीदी?" हर्षाचा आवाज चिरकला. "मी तुम्हाला फोटो दाखवून राहिले, तुम्हाला विचारून राहिले, दिल्ही म्हणजे काय, आणि तुम्ही मला मग पोचवायला पाठवलं? माझी आई रात्रभर झोपली नाही. आणि तुम्हाला माहीत होतं!"

"हो," प्रणोती म्हणाली. "मी घाबरले होते."

हर्षाने तोंड फिरवलं. ती निघून जाईल असं प्रणोतीला वाटलं. पण ती गेली नाही. मशीन थांबलं तेव्हा तिनेच झाकण उघडलं, ओल्या फडक्याने भुकटी पुसली आणि दगडाचं एक टोक उचललं. "चला. वेळ नाही आहे."

स्कूटरवर हर्षा मागे बसली, दगड मांडीवर धरून.

उतारावर माणसंच माणसं होती. वस्तीतले लोक होते आणि वेदांगबरोबर बाहेरून आलेली, प्रणोतीने कधी न पाहिलेली तरणी पोरंही होती. तहसीलचे साहेब शिळेसमोर उभे होते, त्यांच्या बाजूला गुणवंतकाका हात जोडून. साहेबांचा कारकून फोटो काढत होता. प्रणोतीला बघून वेदांगच्या तोंडावरचं हसू मावळलं. तो पुढे आला, पण हर्षाने त्याच्या बाजूने वाट काढली आणि दोघींनी तो ग्रॅनाइटचा तुकडा जुन्या शिळेशेजारी टेकवला.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"सर, ये भी मैंने बनाया है, और वो भी," प्रणोती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. "लेसर मशीन से. ये आज सुबह, वो कुछ महीने पहले. दोनों मिला के देख लीजिए."

साहेब वाकले. एका दगडावर पांढरी, ताजी अक्षरं. दुसऱ्यावर चिखलाने भरलेली. त्यांनी या ओळीवरून त्या ओळीवर बोट नेलं, परत आणलं. भोवती कुजबुज सुरू झाली.

"सर, ये तो फोटो देखकर कोई भी बना लेगा!" वेदांग मोठ्याने म्हणाला. "परसों से सबके मोबाइल में फोटो है. ये मॅडम हमारे देवता का मजाक उड़ा रही हैं."

साहेब सरळ झाले. "मॅडम, फोटो से बन सकता है?"

प्रणोतीला खोटं बोलता आलं नाही. "बन सकता है," ती म्हणाली.

तेवढंच पुरलं. बाहेरच्या पोरांपैकी एकाने ग्रॅनाइटच्या तुकड्याला लाथ मारली, तो आपटला आणि दुभंगला. कुणीतरी ओरडलं, "माफी माँगो!" काल जी म्हातारी कपाळ टेकून बसली होती ती रडत रडत म्हणाली की बाईने देवाला बाटवलं. गर्दी पुढे सरकली. हर्षाने प्रणोतीचा हात धरला, पण दोघीही विहिरीच्या कठड्याकडे रेटल्या जात होत्या. प्रणोतीच्या पाठीला दगडी कठडा लागला. मागे थंडगार हवा जाणवत होती. कारकून ओरडत होता, साहेब फोन लावत होते, आणि गर्दीतल्या कुणीतरी तिच्या खांद्याची ओढणी पकडली होती.

तिने काकांकडे पाहिलं. बोलण्यासारखं सगळं काल झालं होतं.

काकांचे हात अजून जोडलेलेच होते. ते त्यांनी खाली सोडले.

"थांबा!" म्हणून ते ओरडले, आणि ते ऐकलं गेलं नाही तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या माणसाने गर्दीत घुसून, कोपर मारत, तिच्यापुढे येऊन दोन्ही हात पसरले. पांढऱ्या शर्टाची बाही खांद्यावर उसवली. "उसको हाथ मत लगाओ! लड़की सच बोल रही है. मैंने बनवाया है ये पत्थर. मैंने ही डलवाया."

"काका!" वेदांग किंचाळला.

"तू गप्प बस." मग ते साहेबांकडे वळले, आणि शिव्या ऐकत, धापा टाकत म्हणाले, "लेकिन जमीन हमारी थी, साहब. वो झूठ नहीं है."

साहेबांनी कानाचा फोन खाली घेतला. मग कारकुनाला दोन्ही दगड गाडीत ठेवायला सांगितले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. प्रणोतीला तहसीलमध्ये जबाब द्यावा लागला, मग पोलिसांत. सुशांत प्रत्येक वेळी रजा टाकून बरोबर आला आणि बाहेर बाकावर बसून राहिला. महाराजपुरची चौकशी गुंडाळली गेली. घरं होती तिथे राहिली. मंडळाने तिच्याकडची कामं काढून घेतली. एका सकाळी दुकानाची काच फुटलेली दिसली. कुणी फोडली ते कळलं नाही, तिनेही विचारलं नाही. नवी काच बसेपर्यंत शटर लावून आत काम केलं.

काकांवर केस झाली. त्यांना जामीन मिळाला असं तिने ऐकलं. एकदा बाजारात ते समोरून आले. भाजीची पिशवी हातात, दाढी वाढलेली. ते थांबले, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काच बसवली का?"

"हो, काका."

"बरं," म्हणून ते पुढे गेले. तिला त्यांच्या मागे जावंसं वाटलं, पण ती तिथेच कांद्याच्या ढिगाशी उभी राहिली.

हर्षा कामावर येत नव्हती. प्रणोतीने एकदा फोन केला, तिने उचलला नाही. दुसऱ्यांदा करायचा धीर झाला नाही. टाइलींना रंग ती स्वतःच द्यायला लागली, पण तिचा हात जाड पडे, रंग ओघळे, आणि लेसरखाली चेहऱ्यांवर डाग उमटत.

दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढल्या तेव्हा एका सकाळी हर्षा आली. चपला दाराशी काढल्या. नमस्कार नाही, दीदी नाही. टेबलावर वाळत ठेवलेली एक टाइल तिने उजेडात धरली, नाक मुरडलं आणि सरळ मोरीपाशी नेऊन सगळा रंग धुऊन टाकला.

"हे असं चालते का?" ती म्हणाली. "ब्रश कुठे ठेवला माझा?"